सुगरणीचा खोपा आणि बालवर्ग

बालवर्गातून पक्ष्यांचा परिचय करून देताना रंगीत कागद, कापूस व डिंक यांचा उपयोग करण्याची प्रथा आपल्या अनेक शाळांतून रूढ झाली आहे. मुलांचे हात त्यात रमतात, हे खरे. परंतु कापसाचे घरटे चिकटविणाऱ्या मुलाला त्यातून पक्ष्याविषयी नेमके काय कळते, असा प्रश्न पडतो.

सुगरणीचेच उदाहरण घ्यावे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहातील सुगरणीवरची कविता मुलांना आपण आवर्जून शिकवितो. तीत खोपा विणणारी आहे ती माउली. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. पावसाळ्यात गवताच्या व माडाच्या पात्यांच्या हिरव्या पट्ट्या फाडून आणून तो घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले, तरच तो खाली लोंबणारी प्रवेशनळी विणून काम पुरे करतो, आणि पुढे दुसऱ्या घरट्यास हात घालतो. अंडी उबविणे आणि मुख्यत्वे पिलांचे पोषण मात्र मादीकडेच असते.

मग कविता बाजूस सारावी काय? मुळीच नाही. तिच्यातील मातेची माया खोटी नाही. आणि इवल्या चोचीची मानवी हातांशी तिने केलेली तुलना तर निरीक्षणाच्या कसोटीस पूर्ण उतरते. शिक्षकाने नेमका हाच धागा उचलावा. हंगाम सरल्यावर गळून पडलेला खोपा मिळाल्यास तो उन्हात वाळवून मुलांच्या हाती द्यावा. झाडावर टांगलेल्यास हात लावू नये. मग प्रत्येकास एक चिमटा, माडाच्या पात्याची एक ओली व एक सुकी पट्टी आणि एक काटकी द्यावी, व एकच हात वापरून गाठ मारावयास सांगावे. सुकी पट्टी तुटते, ओली वळते. पक्षी हिरवेच पाते का निवडतो, ते मुलास न सांगता कळते. गाठ सुटते तेव्हा चोचीचे मोलही कळते.

कवितेचा मान राखण्यासाठी नराचे श्रम मुलांपासून लपविणे, किंवा शास्त्राच्या नावाखाली कविता गाळणे, हे दोन्ही मार्ग चुकीचेच होत. आधी देवळाच्या तळीकाठच्या माडावरील सुगरण मुलांना दाखवावी, मग कविता म्हणावी, आणि विणकर कोण, हे त्यांनाच पाहून सांगू द्यावे.