आढ्याचे पाणी आणि नियमातला खड्डा

आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच, ही म्हण कौलारू घरांची आहे. पागोळ्यांखाली घंगाळ ठेवणाऱ्यांना कोणी नियम घालून दिलेला नव्हता. आता स्लॅब आली, वळचण गेली, आणि छपरावरच्या पाण्याने कोठे जावे हे नियमावली सांगते. नाशिकला लागू असलेली ही नियमावली म्हणजे राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. तिचा नियम १३.३ पर्जन्यजल संकलनाचा आहे. आपण शिक्षक पाठ्यपुस्तकातला धडा तपासतो, तसा तो तपासून पाहू.

पहिली अडचण लागू होण्याचीच. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरचे नवे बांधकाम, पुनर्बांधणी किंवा वाढीव बांधकाम यांना तो बंधनकारक आहे. म्हणजे जुन्या नाशकातले, पंचवटीतले चिंचोळे वाडे बाहेर राहिले. पूर्वीच बांधून झालेली शाळाही नवी खोली बांधेपर्यंत सुटली. वास्तविक लहान छप्पर काही कमी पाणी देत नाही. शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरा. १०० चौरस मीटर गच्चीवर ७०,००० लिटर पडतात. पाचवा हिस्सा उडून, सांडून, वाफ होऊन गेला तरी ५६,००० उरतात. माणशी रोज १३५ लिटर हा प्रमाणित हिशेब घेतला तर चौघांच्या घराची शंभराहून अधिक दिवसांची गरज झाली. अर्थात हे सारे चार महिन्यांतच पडते आणि एवढी टाकी कोणी बांधत नाही. म्हणून बहुतेकांची नजर जमिनीत पाणी मुरवणाऱ्या खड्ड्याकडे जाते.

हा खड्डा नियमात मोठा तपशीलवार दिला आहे. लांबी-रुंदी १.२० मीटर, खोली २ ते २.५० मीटर. तळाशी निम्म्या खोलीपर्यंत ४० मिलिमीटरची खडी, वर २० टक्के २० मिलिमीटरची, त्यावर २० टक्के जाड वाळू, मग बारीक वाळूचा पातळ थर आणि वरचा १० टक्के भाग मोकळा. वाचताना समाधान वाटते. पण यात पाणी किती मावते? खोल खड्डा घेतला तर घनफळ ३.६ घनमीटर. दगड-वाळूतली पोकळी ढोबळमानाने ४० टक्के धरली, तर वरच्या मोकळ्या जागेसह साधारण १,६५० लिटर. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला की आपल्या १०० चौरस मीटर गच्चीवरून २,००० लिटर येतात. खालची जमीन पाणी पीत नसेल, तर पहिल्याच जोरदार सरीला खड्डा तुडुंब!

आणि खरा प्रश्न तोच आहे. नाशिकची जमीन दख्खनच्या बेसॉल्टची. मुरमात पाणी झपाट्याने उतरते. अखंड कातळात भेगा असतील तेवढेच. काळी माती तर पहिल्या पावसाने फुगून स्वतःच्या भेगा बुजवते. एकाच गल्लीत दोन घरांखाली दोन तऱ्हा निघतात. भूरूपानुसार खड्ड्याचे माप ठरवण्याची मोकळीक नियम देतो, परंतु आधी जमिनीची मुरण्याची गती मोजा, असे सांगत नाही. धड्यात प्रयोगाची कृती आहे, निरीक्षण मात्र गाळले आहे.

काही कलमे मात्र खरोखर चांगली आहेत. छपरावरचे पहिले धुवण, म्हणजे धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा, बाहेर सोडण्यासाठी झडप हवी. नळांच्या तोंडांना डास अडवणारी जाळी हवी. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो हे लक्षात घेता ही जाळी क्षुल्लक नव्हे. पाणी शक्यतो पिण्या-स्वयंपाकाखेरीज वापरावे, हेही योग्यच.

व्यवस्था केली नाही किंवा नीट राखली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये आकारता येतात. दिवसाला तीन रुपयेही नाहीत. वरची बारीक वाळू गाळाने चोंदते, ती काढून धुवायची तर मजूर लावावा लागतो, आणि त्याची मजुरी याहून जास्त होईल. गृहसंस्थेचा खजिनदार काय ठरवील, हे सांगायला नको.

तुमच्या शाळेच्या आवारात हे तपासायला खर्च नाही. दोन ठिकाणी फूटभर खोल खड्डे घ्या. ते एकदा पाण्याने भरून मुरू द्या, पुन्हा भरा, आणि पट्टी उभी धरून दर पाच मिनिटांनी पातळी टिपा. सातवी-आठवीच्या मुलांना आलेख काढता येतो. हेच जून उजाडण्यापूर्वी एकदा आणि ऑगस्टमध्ये, माती भिजून फुगलेली असताना, पुन्हा करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायला सांगा. दुसरी रेघ जवळजवळ आडवी निघाली, तर तेथे खड्ड्याऐवजी टाकीचा विचार करावा लागेल.