गरोदरपणातील ‘ड’ जीवनसत्त्व : दोन शिफारशींचे परीक्षण

गरोदर स्त्रियांना ‘ड’ जीवनसत्त्व द्यावे की न द्यावे, या प्रश्नाची दोन अधिकृत उत्तरे आज आपल्यापुढे आहेत आणि वरवर पाहता ती परस्परविरोधी वाटतात. माता व अर्भक यांचे आरोग्य सुधारावे म्हणून सर्व गरोदर स्त्रियांना हे जीवनसत्त्व सरसकट देण्याची शिफारस करता येत नाही, असा अभिप्राय जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली दिला व 2020 साली तो कायम ठेवला. अभावाचा संशय असेल तेथे दररोज 200 आंतरराष्ट्रीय एकके देण्यास तिची हरकत नाही. भारत सरकारच्या 2014 सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणे मात्र चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम व 250 एकके ‘ड’ असते. अर्थात दिवसाला 500 एकके.

हा विरोध खरा नव्हे. संघटनेने ‘ड’ दिल्याने काय साधते याचा विचार केला. मार्गदर्शिकेचा विषय कॅल्शियम हा आहे, आणि ‘ड’ त्यात आहे ते कॅल्शियम शरीरात शोषले जावे म्हणून. संघटनेची सावधगिरी निराधार नाही. ढाका येथे सुमारे 1,300 गरोदर स्त्रियांवर झालेल्या व 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्याला 28,000 एककांपर्यंत मात्रा दिली गेली. मातांच्या रक्तातील ‘ड’चे प्रमाण वाढले, परंतु वर्षाच्या अखेरीस बालकांची उंची त्यामुळे वाढलेली दिसली नाही. रक्तातील आकडा सुधारणे म्हणजेच आरोग्य सुधारणे, असे मानून मोठ्या मात्रांचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तथापि, यावरून ‘उन्हाच्या देशात गोळी कशाला?’ असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. उंची ही एकच कसोटी नव्हे. अर्भकाला ‘ड’चा साठा मातेकडूनच मिळतो आणि मातेच्या दुधात तो अल्प असतो. मातेला तीव्र अभाव असल्यास नवजात बालकाच्या रक्तातील कॅल्शियम घसरून त्याला झटके येण्याचा, पुढे मुडदूस होण्याचा संभव असतो.

शिवाय ऊन आहे म्हणजे ते त्वचेवर पडतेच असे नाही. मुळशी तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्याचे महिने दाट ढगांत जातात. भातलावणी करणारी स्त्री दिवसभर उघड्यावर असते खरी, पण तिच्या पाठीवर इरले किंवा प्लास्टिकचा कागद असतो. पूर्वेस हिंजवडीत नोकरी करणारी स्त्री बारमाही छताखाली असते. सावळ्या त्वचेस तेवढेच ‘ड’ तयार करण्यास ऊनही अधिक लागते. एकाच तालुक्यातील या दोघींना ‘उन्हात बसा’ हा एकच उपदेश पुरेसा नाही.

या दृष्टीने रोज 500 एकके ही माफक मात्रा मला समर्थनीय वाटते. मार्गदर्शिकेतील उणीव अन्यत्र आहे. ‘ड’ कॅल्शियमच्या नावाखाली दिले जात असल्याने, ज्या स्त्रीची कॅल्शियमची गोळी सुटते तिचे ‘ड’ही नकळत सुटते. आणि ही गोळी सुटण्यास कारणे पुष्कळ. ती आकाराने मोठी. उपाशी पोटी चालत नाही. लोहाच्या गोळीबरोबर घेता येत नाही, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. लावणीच्या दिवसांत पहाटे घराबाहेर पडणाऱ्या बाईने दिवसाच्या या तीन वेळा कशा सांभाळाव्यात, याचे उत्तर तिच्या कामाचा दिवस पाहूनच ठरवावे लागेल. ते आशाताई आणि परिचारिका यांच्याकडे अधिक आहे.

तेव्हा मात्रा किती असावी या वादापेक्षा, ठरलेली मात्रा प्रसूतीनंतरच्या सहाव्या महिन्यापर्यंत पोटात जाते किंवा नाही, याची चौकशी आपल्या संशोधकांनी आधी करावी. वाटलेल्या गोळ्यांची मोजदाद म्हणजे घेतलेल्या गोळ्यांची मोजदाद नव्हे.