मृत मित्राचा चेहरा

यासुहिसा हारा यांच्या ‘किंगडम’ या जपानी चित्रकथामालेवर दिग्दर्शक शिन्सुके सातो यांनी २०१९ ते २०२४ या काळात चार चित्रपट काढले. कथा प्राचीन चीनमधील युद्धांची आहे. पहिल्या चित्रपटात गुलाम ह्यो राजाचा तोतया होऊन प्राण देतो. ह्यो आणि राजा या दोन्ही भूमिका र्‍यो योशिझावा या एकाच नटाने केल्या आहेत. त्यामुळे ह्योचा मित्र शिन राजासमोर उभा राहतो, तेव्हा आम्हांसही मृताचाच चेहरा दिसतो. शिन संतापून राजाला जाब विचारतो. पुढील चित्रपटांत सैन्ये वाढत जातात. पण रणांगणी पडणाऱ्या हजारोंसाठी तसा जाब क्वचितच विचारला जातो. युद्ध करूनच युद्धे संपवू पाहणाऱ्या राजाच्या कथेत ही उणीव आम्हांस सलते.