वेल्समधील जमीनदारी वारसा आणि दगडी वैरणकोठार : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना : वास्तुवारशाची चर्चा बहुधा वाड्यापासून सुरू होते आणि वाड्यापाशीच संपते. पश्चिम वेल्समधील केरेडिगियन परगण्यातील लानेर्खायरॉन ही जहागीर या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. इ.स. १७९० च्या दशकात जॉन नॅश या वास्तुरचनाकाराने विल्यम लुईस यांच्यासाठी येथील निवासवास्तू रचली. १९८९ मध्ये ही मालमत्ता मृत्युपत्रान्वये नॅशनल ट्रस्टकडे आली. वाड्यासोबत घरशेतीच्या इमारतीही टिकून राहिल्या, हे तिचे वैशिष्ट्य होय. नॅशच्या नावाचे वलय मात्र वाड्यालाच लाभते.

रचना व प्रयोजन : वेल्सच्या पावसाळी हवेत वैरण वाळवणे हे उन्हाळ्यातील मोजक्या कोरड्या दिवसांवर अवलंबून असे. ओलसर गवत रचल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने ते तापते. प्रसंगी आपोआप पेटही घेते. म्हणूनच जुन्या दगडी कोठारांच्या भिंतींत अरुंद उभ्या फटी आढळतात. पाऊस अडावा आणि वारा खेळावा, असा त्यांचा दुहेरी हेतू असतो. त्यांना केवळ सजावट मानणारी समीक्षा वास्तूचे प्रयोजनच विसरते. एयर्विन विल्यम यांच्या ‘द हिस्टॉरिकल फार्म बिल्डिंग्ज ऑफ वेल्स’ (१९८६) या ग्रंथाने शेतइमारतींना स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान दिले, त्याचे महत्त्व येथेच जाणवते.

सामाजिक संदर्भ : भरलेले कोठार हे संपन्नतेचे चिन्ह खरे, परंतु ती संपन्नता कोणाची, हा प्रश्न उरतो. १८६८ च्या निवडणुकीनंतर कार्डिगनशायर व कार्मार्थनशायरमध्ये जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध मत देणाऱ्या काही कुळांना जमिनीवरून काढण्यात आले. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ मध्ये झाला. याचा दोष प्रत्येक जहागिरीवर ठेवता येणार नाही; तथापि कुळांना वगळून सांगितलेला जहागिरीचा इतिहास अपुराच राहतो.

निष्कर्ष : मुरघास व यांत्रिक गठ्ठे आल्यानंतर अशा अनेक कोठारांचे मूळ काम संपले. त्यांचे निवासात रूपांतर करताना भिंती फोडून मोठ्या खिडक्या बसवल्या, तर दगड वाचतो, पण त्यामागील ज्ञान नाहीसे होते. उपयोगाविना इमारत ढासळते, हेही तितकेच खरे. म्हणून नवा उपयोग स्वीकारताना त्या फटी जपणे आणि राबणाऱ्या हातांची नोंद ठेवणे, या दोन कसोट्यांवरच जतनाचे मूल्यमापन व्हावयास हवे.