'टोकियो गॉडफादर्स'चा शेवट : नाव कोणी ठेवायचे?

सातोशी कोन यांच्या 'टोकियो गॉडफादर्स' (२००३) या जपानी ॲनिमेशनपटाचा शेवट योगायोगांनी भरलेला आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. नाताळच्या रात्री कचऱ्याच्या ढिगात तिघा बेघरांना एक तान्ही मुलगी सापडते. दारूत बुडालेला गिन, बापाला भोसकून पळालेली मियुकी आणि पुरुष म्हणून जन्मलेली, स्वतःला बाई मानणारी हाना. शेवटी पोरीसाठी हाना इमारतीवरून झेप घेते आणि वारा दोघींना अलगद खाली आणतो. इस्पितळात पिशवीतून लॉटरीचे तिकीट पडते. ते लागलेले असते.

तिकिटाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. दैव हा शब्द आमच्या बापजाद्यांनी पुरेसा ऐकला. भाईंदरच्या माझ्या विद्यार्थ्यांनीही विचारले, तिकीट लागले नसते तर? पण शेवटाचे मर्म तिकिटात नाहीच.

मुलीच्या आईबापांना या तिघांनी तिचे गॉडपेरेंट व्हावे असे वाटते. बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारे ते गॉडपेरेंट, हे आमच्या उत्तन-डोंगरीकडच्या ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको. जपानीत त्याला शब्द आहे 'नाझुके-ओया', म्हणजे नाव ठेवणारा पालक. आणि नाव तर हानाने आधीच ठेवले आहे : कियोको. 'कियो' म्हणजे शुद्ध.

इथे दलित वाचकाने थांबले पाहिजे. शूद्राचे नाव निंदा व्यक्त करणारे असावे, असे मनुस्मृती सांगते. पोरे जगत नसली की खेड्यात तान्ह्याला उकिरड्यावर ठेवून उचलीत आणि कचरू म्हणत. माझ्या वडिलांच्या पिढीत असे कचरू कितीतरी होते. मरणाला फसवायचा तो डाव होता, केवळ आपल्याच वस्तीतला नव्हे. पण घाणीला कोणी शिवत नाही हे गृहीत त्यातही होतेच. कोन हे गृहीतच उलटे करतात. कचऱ्यातल्या पोरीला शुद्ध म्हणणारी बाई समाजानेच कचऱ्यात काढलेली आहे. शुद्धाशुद्ध ठरवण्याचा परंपरेचा मक्ता ती कुणाला न विचारता मोडते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ ज्यांनी घरेदारे आणि जीव गमावले, त्यांना नाव ही शोभेची वस्तू नाही हे ठाऊक आहे.

चित्रपटाच्या आरंभी प्रवचन ऐकून मगच जेवणाच्या रांगेत उभी राहणारी ही माणसे. शेवटी त्यांच्याकडेच मागणे घेऊन लोक येतात. एवढा पालट मला मोठा वाटतो.

तरी एक खटकते. त्या आईबापांना घेऊन येतो तो पोलीस अधिकारी, मियुकीचा बाप. मान्यता आली ती सत्तेच्या दारातून, आणि घरदार असलेल्यांचे मूल वाचवल्यावर. कियोको एखाद्या बेघर बाईची असती, तर कोण आले असते? आपल्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो. तो उपसणाऱ्यांना आपल्या बारशाला कोण बोलावतो? बाप-लेक समोरासमोर येतात आणि चित्रपट थांबतो. गिन आणि हाना इस्पितळातून कुठे जातात, ते कोन दाखवत नाहीत.