अपंगांच्या आरोग्ययोजना : मूल्यमापनातील छेदाचा प्रश्न

अपंगांच्या आरोग्ययोजनांचे मूल्यमापन करताना लाभार्थींची मोजदाद कसोशीने होते. ती संख्या कोणत्या छेदाने भागावयाची, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. २०११ च्या जनगणनेने भारतात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, अपंग नोंदविले. २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगातील प्रमाण सुमारे १६ टक्के आहे. ही तफावत मुख्यतः व्याख्येतून उद्भवते. साहजिकच संकुचित छेदावर यशस्वी दिसणारी योजना व्यापक छेदावर तोकडी ठरते.

छेद निश्चित झाला तरी प्रश्न संपत नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमायोजना स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता इत्यादी असलेल्यांस वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट ती घालीत नाही, हा तिचा निःसंशय गुण होय. तथापि विमाधारकांच्या संख्येवरून योजनेचा विस्तार कळतो, समता कळत नाही. समता ही तुलनात्मक संज्ञा आहे. त्याच गावातील अव्यंग व्यक्तीस त्याच आजारात उपचार किती दिवसांत व किती खर्चात मिळाला, हे ज्ञात असल्याखेरीज दोहोंमधील अंतर घटले किंवा कसे, हे ठरविता येत नाही. ही तुलना ज्यात नाही, तो अहवाल जमाखर्च ठरेल; त्यास मूल्यमापन म्हणता येणार नाही.