‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती? गिरणगावातली घरं आणि सार्वजनिक पैसा

मागच्या व्याख्यानात आपण भाडेनियंत्रण कायदा पाहिला. आज त्याच्या शेजारचा विषय घेऊ. परवडणाऱ्या घरांसाठी सरकार पैसा घालतं, तो नेमका कुठे जातो? उदाहरण लालबाग-परळचं, म्हणजे गिरणगावचं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. सार्वजनिक पैसा म्हटलं की आपल्याला अर्थसंकल्पातली तरतूद आठवते. पण शहरात सरकारच्या हातात पैशापेक्षा मोठी गोष्ट असते: जमीन, आणि त्या जमिनीवर किती बांधायचं याची परवानगी. चटई क्षेत्र वाढवून दिलं, तर तेही अनुदानच. फक्त ते अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून त्यावर विधानसभेत फारशी चर्चा होत नाही.

आता गिरणगावाकडे येऊ. १९८२चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मुंबईत ५८ गिरण्या, जमीन सुमारे ६०० एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. नियम वाईट नव्हता. सरकारला एक रुपया न घालता शहराच्या मध्यभागी परवडणारी घरं उभी करता आली असती.

२००१ साली दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, असं ठरलं. म्हणजे गिरणीच्या शेड पाडल्यावर जी जागा मोकळी होते, ती वाटणीत धरायची नाही. आता गिरणीच्या आवारात शेड सोडून उरतं काय? प्रकरण कोर्टात गेलं. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाटणीच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. आमच्या मते गिरणगावातल्या परवडणाऱ्या घरांचा सगळ्यात मोठा निधी इथेच गेला, आणि तो एका शब्दाच्या व्याख्येत गेला.

त्याच सुमारास सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनीही लिलावात निघाल्या. २००५मध्ये मुंबई टेक्सटाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटींना गेली. कामगारांची देणी, आजारी गिरण्यांचं पुनरुज्जीवन, ही कारणं खोटी नव्हती. पण जमीन एकदाच विकता येते.

पुढचा हिशोब बघा. २०१२मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत काढली. ६,९२५ घरं, किंमत साडेसात लाख. अर्ज दीड लाखाच्या आसपास. उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणीची योजना पुढे आली आहे. घराची किंमत १५ लाख, त्यातले साडेपाच लाख सरकारचे. म्हणजे मध्यवस्तीतली जमीन सोडून दिली आणि आता रोख पैसे मोजून कर्जत-बदलापूरच्या बाजूला घरं घ्यायची.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. परळमध्ये एका घराला जो खर्च येईल, त्यात वांगणीला कितीतरी घरं होतील. मग गरजू जास्त असताना हट्ट कशाला? आजच्या बाजारभावाने हा हिशोब बरोबर आहे. पण त्या हिशोबात लोकलचा प्रवास नाही. खानावळ चालवणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक नाही, आजाऱ्याला केईएमला न्यायचं अंतर नाही. आणि मुळात तो बाजारभाव वाढला कसा, तर आपणच दिलेल्या परवानग्यांमुळे.

बीडीडी चाळींचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं आहे. तिथे जमीन सरकारी राहिली, म्हणून वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी तिथेच ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. हे चांगलंच आहे. पण टीका इथेही करावी लागेल. लाभ आहे तो सध्याच्या रहिवाशांना, मालकी हक्काने. टॉवरचा देखभाल खर्च झेपला नाही किंवा चांगला भाव आला, की घर विकलं जाणार. मग उद्या परळमध्ये कामाला येणाऱ्या नर्सला, डिलिव्हरीच्या पोराला तिथे काय? चाळ भाड्याची होती, म्हणून नवा माणूस तिथे शिरू शकत होता. नव्या योजनेत कमी भाड्याची, कायम सार्वजनिक मालकीची घरं नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं असं: अनुदान किती दिलं, हा प्रश्न पुरेसा नाही. वीस वर्षांनी त्या पैशातून उभं राहिलेलं किती घर सार्वजनिक हातात उरेल, हे विचारायला हवं. पुढची नियमावली हरकती-सूचनांसाठी येईल, तेव्हा आकड्यांच्या आधी व्याख्यांचं पान उघडा. २००१मध्ये ते पान आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलं होतं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.